एकच सर्टिफिकेट मेललाही आणि लॉगिनलाही: ब्राउझर विचारत नाही, जुने मेल उघडत नाहीत

टाचणी
नमस्कार मंडळी,

एका सार्वजनिक सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) एस/माइम, म्हणजे मेलवर सही आणि एन्क्रिप्शन करायचं, सर्टिफिकेट वापरात आहे. आरएसए २०४८, पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली एकत्र), एक्स्टेंडेड की युसेजमध्ये (सर्टिफिकेट कशासाठी चालेल त्या नोंदीत) ईमेल प्रोटेक्शन आणि क्लायंट ऑथेंटिकेशन दोन्ही. मेलवर सही, मेल एन्क्रिप्ट करणं आणि चार जणांच्या टीमच्या अ‍ॅडमिन पॅनलचं लॉगिन, तिन्ही कामं हेच करतं. मेल थंडरबर्डमध्ये, पॅनल फायरफॉक्समध्ये. मुदत संपत आली म्हणून नवीन घेतलं. त्याच सुमारास सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीमही नव्या आवृत्तीवर नेली. आता तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

१) पॅनल अपाची २.४ या वेब सर्व्हरवर आहे. अ‍ॅडमिन पाथच्या लोकेशन ब्लॉकमध्ये 'एसएसएलव्हेरिफायक्लायंट रिक्वायर' (सर्टिफिकेट सक्तीचं) आहे. पूर्वी ब्राउझर सर्टिफिकेट निवडायला सांगायचा, आता खिडकीच उघडत नाही, थेट ४०३ (प्रवेश नाकारला). ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या तपासणीच्या साधनाने बघितलं तर 'नो क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स सेंट' (सर्व्हरने सीएंची नावं पाठवली नाहीत) असं छापतं.

२) थंडरबर्डमध्ये नवीन सर्टिफिकेट टाकून जुनं डिलीट केलं. नवीन मेल ठीक, पण जुने एन्क्रिप्टेड मेल एकही उघडत नाही.

३) नवी पी१२ फाइल जुन्या मॅकवर टाकताना पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगतं. लिनक्सवर तोच पासवर्ड चालतो.

नवीन सर्टिफिकेटच सदोष आहे का? सीएकडून परत काढून घ्यावं का?

पहारेकरी
सर्टिफिकेट परत काढू नका, त्यात खोट नाही. तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, फक्त एकाच वेळी समोर आली. पहिलीबद्दल मी लिहितो.

अट लोकेशन ब्लॉकमध्ये आहे, तिथेच मेख आहे. कोणता पाथ मागितलाय हे सर्व्हरला कळतं ते टीएलएसची (कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची) बोलणी उरकल्यावर, म्हणजे सर्टिफिकेट मागायची वेळ टळून गेल्यावर. टीएलएस १.२ मध्ये अपाची अशा वेळी रीनिगोशिएशन (चालू कनेक्शनवरच नव्याने बोलणी) करून पुन्हा मागायचा. १.३ मधून रीनिगोशिएशन काढूनच टाकलं आहे. त्याच्या जागी पोस्ट-हँडशेक ऑथेंटिकेशन (बोलणी झाल्यावर सर्टिफिकेट मागणं) आहे, पण ब्राउझर ते चालू ठेवत नाहीत (फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगमध्ये स्विच आहे, मुळात बंद), आणि एचटीटीपी/२ वर तर आरएफसी ८७४० या इंटरनेट मानकाने २०२० साली त्याला मनाईच केली. जुन्या सिस्टीमवर १.२ होतं, नव्या सिस्टीमवर १.३ चालू झालं, एवढंच घडलंय. एरर लॉगमध्ये 'कॅनॉट परफॉर्म पोस्ट-हँडशेक ऑथेंटिकेशन' अशी ओळ सापडेल. एस_क्लायंटला नावं दिसली नाहीत तीही याचमुळे: पहिल्या बोलणीत सर्व्हर काही मागतच नाही.

उपाय म्हणजे पॅनलला वेगळं होस्टनेम द्या, त्याचा स्वतंत्र व्हर्च्युअल होस्ट (त्याच सर्व्हरवरची वेगळी साइट) करा आणि सर्टिफिकेटची अट त्या व्हर्च्युअल होस्टच्या पातळीवर ठेवा, लोकेशन किंवा डिरेक्टरीच्या आत नको. होस्टनेम एसएनआयमधून (ब्राउझर बोलणीतच नाव सांगतो ती सोय) सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे सर्व्हर पहिल्याच बोलणीत सर्टिफिकेट मागतो आणि १.३ मध्येही सगळं सुरळीत चालतं. वर एक फायदा: १.२ मध्ये क्लायंटचं सर्टिफिकेट, म्हणजे तुमचं नाव आणि ईमेल, पहिल्या बोलणीत उघडं जायचं. १.३ मध्ये ते एन्क्रिप्ट होऊन जातं.

तेवढ्या पॅनलसाठी १.२ वर परत जा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी सापडेल. त्यासाठी एचटीटीपी/२ ही बंद करावं लागतं, कारण तिथे रीनिगोशिएशनलाही बंदी आहे. शिवाय रीनिगोशिएशनच्या वेळी अपाची पोस्टचा मजकूर बफरमध्ये धरून ठेवतो आणि त्या बफरची मर्यादा मुळात १२८ केबी. त्याहून मोठी फाइल पहिल्याच विनंतीत अपलोड केली की ४१३ (विनंती फार मोठी). ठिगळाला ठिगळ लावण्यापेक्षा वेगळं होस्टनेम बरं.

अजून एक. 'रिक्वायर' ठेवलं आणि माणसाने खिडकीत कॅन्सल दाबलं, तर त्याला तुमचं पान दिसत नाही, ब्राउझरचं कोरडं टीएलएस एरर दिसतं. 'ऑप्शनल' ठेवा आणि आत 'रिक्वायर एसएसएल-व्हेरिफाय-क्लायंट' लावा. मग सर्टिफिकेट नसलेल्याला नेहमीचं ४०३ जातं आणि त्या ४०३ ला 'सर्टिफिकेट असं बसवा' हे सांगणारं स्वतःचं पान जोडता येतं.

जुनीकिल्ली
दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल.

थंडरबर्डच्या 'युअर सर्टिफिकेट्स' टॅबमधून स्वतःचं सर्टिफिकेट डिलीट केलं की त्यासोबत त्याची प्रायव्हेट किल्लीही जाते. जुने मेल त्या किल्लीसाठी बंद केलेले आहेत. सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून किल्ली निकामी होत नाही. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटने नवीन सही करायची नसते, जुना मेल उघडायला काहीच हरकत नसते.

जुनी पी१२ फाइल कुठेतरी असेलच, ती पुन्हा इंपोर्ट करा. अकाउंट सेटिंग्जमध्ये सही आणि एन्क्रिप्शनसाठी नवीनच निवडलेलं राहू द्या. जुनं नुसतं यादीत पडून असलं तरी थंडरबर्ड ते आपोआप शोधतं. पी१२ सापडली नाही तर प्रोफाइल फोल्डरचा जुना बॅकअप शोधा. त्यात सर्ट९.डीबी आणि की४.डीबी या दोन फाइल्स लागतात, दोन्ही एकाच बॅकअपमधल्या. प्रायमरी पासवर्ड लावला असेल तर तेव्हाचा पासवर्डही. चालू प्रोफाइलवर त्या टाकू नका. रिकामं नवीन प्रोफाइल करून त्यात ठेवा आणि तिथून सर्टिफिकेट पी१२ म्हणून बाहेर काढा. यातलं काहीच हाती लागलं नाही तर ते मेल गेले. सीएकडे तुमची किल्ली नसते (नसावी), त्यामुळे तिकडे विचारून उपयोग नाही.

नूतनीकरणात जुनीच किल्ली वापरली असेल तरी मेल न उघडण्याची शक्यता आहे, आणि इथे बरेच जण गोंधळतात. एन्क्रिप्टेड मेलच्या पाकिटावर 'हा कोणासाठी' हे बहुधा सर्टिफिकेटचा जारीकर्ता आणि सिरियल नंबर लिहून सांगितलेलं असतं. नवीन सर्टिफिकेटचा सिरियल वेगळा, त्यामुळे आत किल्ली तीच असूनही क्लायंटला जोडी लागत नाही. म्हणून किल्लीसोबत जुनं सर्टिफिकेटही ठेवायचं.

समोरच्या लोकांकडे तुमचं जुनंच सर्टिफिकेट साठवलेलं आहे हेही ध्यानात घ्या. तुमचा नवीन सहीचा मेल त्यांनी उघडेपर्यंत ते जुन्यावरच एन्क्रिप्ट करत राहतील. ज्यांच्याशी असा व्यवहार आहे त्यांना एकेक साधा, फक्त सही केलेला मेल पाठवून द्या.

आता मॅक. पासवर्ड बरोबरच आहे. ओपनएसएसएल ३ पासून पी१२ बनवताना मुळातच एईएस-२५६ आणि एसएचए-२५६ चा मॅक (इथे मॅक म्हणजे संगणक नव्हे, फाइल बदलली नाही ना हे तपासायचा कोड) वापरला जातो. जुन्या मॅकची कीचेन आणि जुनी विंडोज यांना ते कळत नाही, मग ती बिचारी पासवर्डलाच दोष देतात. फाइल पुन्हा एक्सपोर्ट करा. 'लेगसी' पर्याय सगळीकडे सुचवतात, पण त्यात सर्टिफिकेटचा भाग ४० बिटी आरसी२ वर जाऊ शकतो. त्यापेक्षा की-पीबीई आणि सर्ट-पीबीई दोन्हींना 'पीबीई-एसएचए१-३डीईएस' द्या आणि मॅक-अल्गला 'एसएचए१'. जुनी यंत्रं हे घेतात. तेवढ्यापुरती ही फाइल बनवा, इंपोर्ट झाली की पुसा. मधल्या टप्प्यात जी पेम फाइल तयार होते तिच्यात किल्ली उघडी असते, ती पुसायला विसरू नका. एक्सपोर्ट करताना सीएचं मधलं सर्टिफिकेटही 'सर्टफाइल' पर्यायाने आत घाला, नाहीतर नवीनच अडचण ओढवून घ्याल.

पहारेकरी
मधल्या सर्टिफिकेटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, वेब लॉगिनलाही तोच नडतो. सर्व्हर सर्टिफिकेट मागतो तेव्हा सोबत 'मला या सीएंची चालतील' अशी यादी पाठवतो. ब्राउझर आपल्याकडच्या सर्टिफिकेटांची साखळी त्या यादीतल्या एखाद्या नावापर्यंत पोचते का ते बघतो. यादीत रूट (सीएचं सर्वात वरचं सर्टिफिकेट) आहे, तुमचं सर्टिफिकेट मधल्या सीएने दिलंय आणि ते मधलं ब्राउझरकडे नाही, की साखळी तुटली. मग खिडकी उघडत नाही, तक्रारही नाही, जणू तुमच्याकडे सर्टिफिकेटच नाही. नवीन व्हर्च्युअल होस्ट केल्यावर एस_क्लायंट पुन्हा चालवा आणि 'अ‍ॅक्सेप्टेबल क्लायंट सर्टिफिकेट सीए नेम्स'खाली आलेली नावं तुमच्या सर्टिफिकेटच्या जारीकर्त्याशी अक्षरशः जुळवून बघा. एसएसएलव्हेरिफायडेप्थही मुळात १ असतं, मधली सर्टिफिकेटं असतील तर ते वाढवा.

चिमटा
एवढा खटाटोप कशाला? एक हार्डवेअर टोकन घ्या, किल्ली टोकनच्या आतच बनवा, मेल आणि लॉगिन दोन्ही त्यावर. किल्ली बाहेर येतच नाही, फाइलींची भानगड संपली.

जुनीकिल्ली
@चिमटा, लॉगिनसाठी आणि सहीसाठी हे उत्तम. एन्क्रिप्शनसाठी अजिबात नको. टोकनमध्ये जन्मलेली किल्ली बाहेर येत नाही म्हणजे तिचा बॅकअपही नाही. टोकन हरवलं किंवा बिघडलं की सगळे एन्क्रिप्टेड मेल कायमचे बंद.

तीन कामं आहेत आणि तिन्हींच्या किल्ल्यांचं आयुष्य वेगळं आहे. लॉगिनची किल्ली हरवली तर रद्द करून पाच मिनिटांत दुसरी द्यायची, बॅकअप नकोच. सहीची किल्ली दुसऱ्या कोणाच्याही हाती जाता कामा नये, म्हणून तिचाही बॅकअप नको. हरवली तर नवीन करा, जुन्या सह्या पडताळायला फक्त सर्टिफिकेट लागतं. एन्क्रिप्शनची किल्ली मात्र जोवर ते मेल हवे आहेत तोवर सांभाळायची, एकापेक्षा जास्त ठिकाणी. टाचणींनी एकाच सर्टिफिकेटवर तिन्ही कामं टाकली आहेत, त्यामुळे कोणतंही धोरण ठरवलं तरी उरलेल्या दोन कामांना ते चुकीचंच ठरतं.

युबिकीसारख्या पीआयव्ही (स्मार्टकार्डचं मानक) टोकनमध्ये खण ठरलेले असतात: ९ए लॉगिन, ९सी सही (दरवेळी पिन मागतो), ९डी एन्क्रिप्शन. ९ए आणि ९सी च्या किल्ल्या आतच बनवा. ९डी ची बाहेर, नेटवर्क तोडलेल्या यंत्रावर बनवा, पी१२ चा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा आणि मग टोकनमध्ये घाला. जुन्या एन्क्रिप्शन किल्ल्यांसाठी ८२ ते ९५ (हेक्स) असे २० निवृत्त खण वेगळे आहेत. फक्त तुमच्या पीकेसीएस११ मॉड्यूलला (प्रोग्रॅम आणि टोकन जोडणाऱ्या भागाला) ते दिसतात का हे आधी तपासा. मूळ पिन १२३४५६ आणि मूळ पीयूके (अडकलेला पिन सोडवायचा कोड) १२३४५६७८ असतो, दोन्ही पहिल्याच दिवशी बदला. दोन्हींना तीन-तीनच संधी. दोन्ही अडकले तर पीआयव्हीचा भाग रीसेट करावा लागतो आणि रीसेट म्हणजे सगळ्या किल्ल्या साफ.

टाचणी
खूप खूप आभार. जुनी पी१२ सापडली, मेल उघडले. मॅकनेही फाइल घेतली. नवीन होस्टनेमवर खिडकी उघडते आणि लॉगिनही होतं.

तीन शंका उरल्या. जुन्या साइटवरून पॅनलवर उडी मारली की लॉगमध्ये अधूनमधून ४२१ दिसतो, तो काय? दुसरं, एसएसएलसीएसर्टिफिकेटफाइलमध्ये (कोणत्या सीएची सर्टिफिकेटं मानायची ती फाइल) सार्वजनिक सीएचंच रूट टाकलं आहे, चौघांकडेही त्याच सीएची सर्टिफिकेटं आहेत. चालेल ना? तिसरं, मेलचा विषय एन्क्रिप्ट झालेला दिसत नाही, सेटिंग राहिलंय का?

पहारेकरी
४२१: दोन्ही होस्ट एकाच आयपीवर आहेत आणि सर्व्हरचं वाइल्डकार्ड (डोमेनच्या सगळ्या उपनावांना चालणारं) सर्टिफिकेटही एकच असणार. एचटीटीपी/२ मध्ये ब्राउझर अशा वेळी जुनंच कनेक्शन नवीन नावासाठी वापरू बघतो. त्या कनेक्शनवर क्लायंट सर्टिफिकेट मागितलेलंच नव्हतं, म्हणून अपाची ४२१ देऊन 'नवीन कनेक्शन कर' म्हणतो. ब्राउझर निमूटपणे तसं करतो. लॉग स्वच्छ हवा असेल तर पॅनलच्या होस्टनेमला त्याच्या एकट्याच्या नावाचं वेगळं सर्व्हर सर्टिफिकेट लावा.

सार्वजनिक सीएचं रूट: नाही, चालणार नाही, आणि हे आजच बदला. अपाची एवढंच तपासतो की सर्टिफिकेट त्या सीएचं आहे आणि मुदतीत आहे. त्या सीएकडून क्लायंट ऑथेंटिकेशनचं सर्टिफिकेट घेतलेला जगातला कोणीही माणूस आत्ता तुमच्या पॅनलच्या दारातून आत येतो. सार्वजनिक सीएने तुमच्या सर्टिफिकेटमधून सांगितलं ते इतकंच, की या मेल पत्त्यावर या माणसाचा ताबा आहे. पॅनलमध्ये येण्याचा अधिकार त्याला आहे असं सीए कुठेच म्हणत नाही.

चार जणांसाठी स्वतःचा छोटा सीए बरा. एक्ससीएसारखा खिडक्या-बटणांचा प्रोग्रॅम किंवा इझी-आरएसए पुरतं. रूटची किल्ली सर्व्हरवर ठेवायची नाही, वेगळ्या ठिकाणी, पासवर्ड लावून. माणसांची सर्टिफिकेटं पी-२५६ किल्लीची, एक वर्षाची, एक्स्टेंडेड की युसेजमध्ये फक्त क्लायंट ऑथेंटिकेशन, बेसिक कन्स्ट्रेंट्समध्ये सीए 'फॉल्स' (म्हणजे त्यावरून पुढे सर्टिफिकेटं देता येत नाहीत). प्रत्येकाला प्रत्येक यंत्रासाठी वेगळं सर्टिफिकेट द्या. लॅपटॉप हरवला की तेवढंच रद्द करता येतं, फोनवरचं चालू राहतं. तुमचं सार्वजनिक सर्टिफिकेट मग फक्त मेलसाठी राहील, ते जसं आहे तसंच ठेवा. पुढच्या वेळी घेताना 'स्ट्रिक्ट' प्रकारचं मिळालं तरी बिघडणार नाही. सीए/ब्राउझर फोरमचे एस/माइमचे नियम १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत आणि त्यातल्या स्ट्रिक्ट प्रकारात क्लायंट ऑथेंटिकेशन घालताच येत नाही. लॉगिनसाठी सार्वजनिक सर्टिफिकेटवर विसंबणाऱ्यांना कधी ना कधी ही ठेच लागणारच.

रद्द करण्यात दोन खड्डे आहेत. अपाचीत एसएसएलसीएरिव्होकेशनफाइल (रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल) नुसती देऊन काहीच होत नाही. एसएसएलसीएरिव्होकेशनचेक मुळात 'नन' असतं, ते 'चेन' किंवा 'लीफ' करावं लागतं. नाहीतर सीआरएल जागेवर आहे आणि रद्द केलेला माणूस खुशाल आत येतोय. ते चालू केलं की दुसरा खड्डा: सीआरएललाही मुदत असते, ओपनएसएसएलच्या नमुना कॉन्फिगमध्ये ३० दिवस. ती उलटली की रद्द न झालेलेही सगळे एकदम बाहेर, आणि लॉगमध्ये 'सीआरएल हॅज एक्स्पायर्ड'. सीआरएलची सही रूटच्या किल्लीने होते आणि ती तर कपाटात बंद. चार माणसांसाठी मुदत १८० दिवस ठेवा, १५० व्या दिवसाची आठवण लावा आणि कोणाला काढायचं झालं की त्याच दिवशी नवीन काढा. फाइल बदलल्यावर अपाचीला ग्रेसफुल रीलोड द्या, तो ती सुरू होतानाच वाचतो.

पॅनलच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवून तिथून सर्टिफिकेटवरचं नाव हेडरमध्ये आत पाठवणार असाल, तर बाहेरून आलेलं त्याच नावाचं हेडर आधी पुसा. मगच स्वतःचं भरा. नाहीतर कोणीही हातानेच हेडर लिहून आत येईल.

लॉगआउट बटणावर विश्वास ठेवू नका. ब्राउझर निवडलेलं सर्टिफिकेट लक्षात ठेवतो. बटण दाबल्यावर अ‍ॅपचं सेशन संपतं आणि पुढच्याच क्लिकला माणूस परत आत असतो. सामायिक यंत्र असेल तर ब्राउझर पूर्ण बंद करणं हाच लॉगआउट.

जुनीकिल्ली
विषयाबद्दल: सेटिंग राहिलेलं नाही. एस/माइम नेहमी मेलचा मजकूर आणि जोडलेल्या फाइल्स झाकतं. विषय, प्रेषक, प्राप्तकर्ता आणि तारीख हेडरमध्ये उघडे राहतात. विषय आत गुंडाळायची सोय मानकात आहे, पण समोरचा क्लायंट ती नीट दाखवेल याचा भरवसा नाही. बीसीसीही जपून वापरा. पाकिटावर प्रत्येक प्राप्तकर्त्याच्या सर्टिफिकेटची खूण असते, त्यामुळे बीसीसीतला माणूस शोधू म्हटलं तर सापडतो. त्याला वेगळा मेल पाठवा.

थंडरबर्डमध्ये बाहेरच्या प्रतिमा आपोआप उतरवणं बंद आहे ना हेही बघून घ्या. मुळात ते बंदच असतं, पण लोक वैतागून चालू करतात. २०१८ च्या ईफेल हल्ल्याने दाखवलं की सीबीसी पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला मेल वाटेत पकडून त्यात एचटीएमएलचा तुकडा घुसवता येतो, आणि तुम्ही तो उघडताच तुमचाच क्लायंट उलगडलेला मजकूर प्रतिमेच्या पत्त्यात घालून बाहेर पाठवतो. आत सही आहे म्हणून यातून सुटका होत नाही. एस/माइम ४.० (२०१९) मध्ये एईएस-जीसीएम आलं, त्यात अशी छेडछाड पकडली जाते. पण पाठवणाऱ्याचा क्लायंट काय वापरतो ते तुमच्या हातात नाही, प्रतिमा बंद ठेवणं आहे.

आणि विषयात 'कागदपत्रे' एवढंच लिहा. नाव, रक्कम, तारीख आत.